कोनसेट वाजतो म्हणून गाडी विकू नका

प्रश्न : माझ्याकडे 2018 च्या सुरुवातीची रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 आहे. बीएस-4 (प्रदूषणाच्या जुन्या मानकाची), फ्युएल इंजेक्शनची, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली. 52,000 किलोमीटर झाले. राहतो साताऱ्यात. रोज शहरात फिरणे, महिन्यातून एखादी कोकणफेरी, आणि वर्षातून दोन-तीन मोठ्या सहली पत्नीला घेऊन. हल्ली खड्ड्यात पुढून ‘टक’ असा आवाज येतो, शंभरच्या पुढे हँडलला झिणझिण्या येतात, आणि सामान लादून डबलसीट असलो की महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागतो. पुढच्या जूनमध्ये दोघांनी लडाखला जायचे ठरवले आहे. दलाल गाडीचे एक लाख देतो म्हणतो. नवी हिमालयन 450 घ्यावी, ओळखीतली 2022 ची 411 दीड लाखाला मिळते आहे ती घ्यावी, की आहे त्याच गाडीवर खर्च करावा? माझी उंची 5 फूट 5 इंच आहे आणि 450 उंच पडते असे ऐकतो.

उत्तर : आधी तो ‘टक’ निकालात काढा, कारण त्याचा नव्या-जुन्या मॉडेलशी काही संबंध नाही. 411 चा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते त्या दोन बेअरिंगांचा संच, लवकर जातो, ही या गाडीची जुनी खोड आहे. पुढे 21 इंची चाक, 200 मिलिमीटर हालणारा शॉकअप आणि आपले रस्ते. सगळा मार त्या दोन बेअरिंगांवर येतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कोणाला तरी बसवा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. दोन्ही शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे ओढा आणि दुसऱ्या माणसाला खालचा टी (दोन्ही शॉकअप धरणारा भाग) आणि चेसिस जिथे मिळतात त्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर बेअरिंगच्या कड्यांमध्ये (रेसमध्ये) खड्डे पडले आहेत. अशा वेळी ‘टाइट करून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला नाही म्हणा. टाइट केल्याने आवाज काही दिवस थांबतो, पण हँडल जड होऊन गाडी सरळ रस्त्यावर डुलायला लागते. सेट बदलाच, आणि बॉलचा न घालता टेपर रोलरचा घाला. त्या फटीत काहीच हालत नसेल तर पुढच्या ब्रेकचा कॅलिपर आणि शॉकअपचे बुश तपासा.

त्याच खेपेला मागच्या मोनोशॉकची लिंकेज (शॉकअपला चाकाशी जोडणारे सांधे) उघडून नीडल बेअरिंगांना ग्रीस भरून घ्या. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये हे काम कोणी करत नाही, आणि 52,000 किलोमीटरपर्यंत ती उघडलीच गेली नसेल तर बोल्ट गंजून धरलेला सापडण्याची शक्यता बरीच आहे. गाडी विकायची ठरली तरी हा खर्च वाया जात नाही. पुढून वाजणाऱ्या गाडीची किंमत गिऱ्हाईक लगेच दहा हजारांनी पाडतो.

हँडलच्या झिणझिण्या हा इंजिनाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. 411 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 78 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86 मिलिमीटर, म्हणजे लांब स्ट्रोकचे, दोन व्हॉल्व्हचे, हवा आणि ऑइलने थंड होणारे इंजिन. ते खालच्या आरपीएमवर खेचण्यासाठी बनवलेले आहे. 80-90 वर दिवसभर चालवा, कुरकुर नाही. पाचच गिअर असल्याने शंभरच्या पुढे त्याला ओढून न्यावे लागते, आणि बॅलन्सर शाफ्ट असूनही थरथर हातापर्यंत पोचते. इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि हँडलच्या टोकांची वजने एकदा कसून घ्या, थोडा फरक पडेल. त्यापलीकडे उपाय नाही.

खरा मुद्दा तिसऱ्या तक्रारीत आहे. 411 ची शक्ती 6,500 आरपीएमला सुमारे 24.3 बीएचपी, टॉर्क 32 न्यूटन मीटर. नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात आलेल्या 450 चे इंजिन सर्वस्वी नवे आहे: 452 सीसी, लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, सहा गिअर, 8,000 आरपीएमला सुमारे 39.5 बीएचपी आणि 5,500 ला 40 न्यूटन मीटर. वजन मात्र वाढलेले नाही; बीएस-6 मधली 411 भरल्या टाकीसह 199 किलो, 450 तशीच 196 किलो. दोघांचे मिळून 135 किलो आणि सामानाचे 30 किलो धरा. 411 ला प्रत्येक 100 किलोमागे साधारण 6.7 बीएचपी मिळतात, 450 ला 10.9. ट्रकच्या मागे असताना तुम्हाला जे जाणवते ते हेच. चेन-स्प्रॉकेट नवे घाला, एअर फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, हा आकडा हलत नाही. सायलेन्सरवर तर पैसे घालूच नका; आवाज वाढतो, पिकअप नाही, आणि पोलिसांना कारण मिळते ते वेगळेच.

लडाखमध्ये हा फरक आणखी बोचेल. 5,300 मीटरच्या पुढे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 58 टक्के उरते आणि इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवून घेते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीसारखी तुमची गाडी काळा धूर सोडत घुसमटणार नाही. पण नसलेली हवा ते कुठून आणणार? लडाखच्या खार्दुंग-ला खिंडीत 411 कडे ढोबळमानाने 14 बीएचपी उरतात आणि 450 कडे 23 च्या आसपास. म्हणजे खार्दुंग-लाच्या माथ्यावर 450 जेवढी जोरकस असते, साधारण तेवढी तुमची 411 साताऱ्यात असते. हजारो 411 तिथे जाऊन आल्या आहेत आणि डबलसीटही गेल्या आहेत. पण चढाच्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच धरून चढवायची तयारी ठेवावी लागते, आणि 52,000 किलोमीटर झालेल्या क्लच प्लेटा तिथेच दगा देतात. याच गाडीने जायचे ठरले तर क्लच प्लेटा आणि केबल निघण्याआधी नव्या घाला. जुनी पण चालू स्थितीतली केबल सोबत ठेवा.

आता 450 ची दुसरी बाजू. तिला सुधारलेली 411 समजून घेणारे हमखास नाराज होतात. 411 तिसऱ्या गिअरमध्ये 25 च्या वेगाने खडबडीत चढावर गुरगुरत जाते, एक शब्द बोलत नाही. 450 तसे करू देत नाही. तिचा बोअर 84 आणि स्ट्रोक 81.5, कॉम्प्रेशन 11.5, जोर वरच्या आरपीएमला आहे. 3,000 च्या खाली ती अडखळते, धक्के देते आणि गिअर उतरवायला लावते. कुंभार्ली किंवा आंबेनळीसारख्या घाटात 411 च्या सवयीने वरच्या गिअरमध्ये वळण घेतले, तर मधेच तिची हवा गेल्यासारखी वाटते. एक गिअर खाली ठेवून इंजिन 4,000 च्या वर फिरते ठेवले की हीच गाडी खेळकर होते. स्लिप-असिस्ट क्लच हलका आहे, त्यामुळे गिअर बदलण्याचा कंटाळा येत नाही. पण सवय मोडायला वेळ लागतो. शहरात आणखी एक त्रास. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटे अडकलात की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम वारा पायांवर येतो. हा दोष नाही, लिक्विड कूलिंगचा मोबदला आहे. 411 सुद्धा तापते, फक्त पंखा लावून सांगत नाही.

वेगाबद्दल एक सांगून ठेवू. 450 वर 110-120 ला आरामात जाता येते, हे तिचे मोठे कौतुक. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. तुमचे टूरिंग पुणे-बेंगळुरू महामार्ग, मुंबई-गोवा महामार्ग आणि घाटरस्त्यांवर होणार, आणि तिथे 90 च्या पुढे जाण्याची जागा फार थोडी. त्यामुळे 120 च्या क्रूझिंगसाठी गाडी बदलू नका. 60 ते 90 हा टप्पा डबलसीट किती चटकन पार होतो, तेवढेच बघा. ओव्हरटेकचा सगळा जीव त्या तीस किलोमीटरच्या वेगवाढीत आहे.

ब्रेकमध्ये फरक मोठा आहे आणि तुमच्या गाडीसाठी तर आणखी मोठा. 411 ला पुढे 300 आणि मागे 240 मिलिमीटरची डिस्क. पुढचा ब्रेक दाबला की लाकूड दाबल्यासारखे वाटते, ही तक्रार पहिल्यापासूनची. स्टील ब्रेडेड पाइप आणि सिंटर्ड पॅड घातले की बराच सुधारतो. पण तुमच्या गाडीला एबीएस नाही आणि तो मागाहून बसवता येत नाही. 450 ला 320 आणि 270 च्या डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, आणि खडीच्या उतारासाठी मागचा एबीएस बंद करण्याची सोय. जुलैत पत्नीला मागे बसवून आंबोली उतरायचे असेल, तर आमच्या मते शक्तीच्या आधी हे कारण पुरेसे आहे. सस्पेन्शनही एक पायरी वरचे आहे: पुढे शोवाचे 43 मिलिमीटरचे अपसाइड डाउन शॉकअप, मागे 180 ऐवजी 200 मिलिमीटरची हालचाल. मागचा टायर 120 मिलिमीटर रुंदीचा होता, तो 140 चा झाला. डबलसीट आणि भरल्या सामानानिशी गाडी मागे बसत नाही, हे पहिल्याच स्पीडब्रेकरला कळते.

2022 ची 411 मात्र घेऊ नका. तिच्यात एबीएस मिळेल, हॅझार्ड दिवे मिळतील, काही गाड्यांत ट्रिपरचा, म्हणजे वाटेची वळणे दाखवणारा, छोटा गोल डायलही मिळेल. इंजिन तेच, ताकद तीच. ओव्हरटेकची अडचण जशीच्या तशी राहील आणि दीड लाख गेलेले असतील. शिवाय बीएस-6 च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत क्लच दाबून ब्रेक मारताच इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी होत्या. तरी मोह झालाच तर थंड इंजिनावर चालू करून बघा, तापल्यावर चार-पाचदा 40 वरून एकदम थांबवून बघा, आणि आरसी स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय लडाखला नेऊ नका. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटरसायकलींना तिथले स्थानिक लोक फिरू देत नाहीत. आरसीवरचे नाव आणि चालवणारा वेगळा दिसला की वाद होतो.

उंचीची शंका रास्त आहे. 411 ची सीट 800 मिलिमीटर, 450 ची 825, आणि तीच सीट 845 पर्यंत वर घेता येते. अ‍ॅक्सेसरीमध्ये लो सीट मिळते, ती लावली की 805. म्हणजे आजच्या तुमच्या गाडीपेक्षा पाच मिलिमीटर जास्त, त्याची भीती नको. लो सीटमध्ये फोम मात्र कमी असतो. दिवसाला 400 किलोमीटर केल्यावर ते बुडाला कळते. 5 फूट 5 इंचाला 825 वर दोन्ही पायांचे चवडे टेकतात किंवा एक पाय पूर्ण टेकतो. एकट्याने चालवताना तेवढे पुरते. अडचण डबलसीट असताना, उतरत्या बाजूला पाय टेकावा लागला तर येते. म्हणून पत्नी चढताना-उतरताना गाडी स्टँडवर नसेल तर तिला नेहमी डाव्या बाजूने चढू द्या आणि त्या वेळी पुढचा ब्रेक दाबून ठेवा. सीट कमी करण्यासाठी मागचे लिंकेज बदलून गाडी खाली घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभी राहताना उजवीकडे कलते आणि 230 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स हातचा जातो.

पैशांचा हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरील दुचाकींवर 40 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे 450 ची एक्स-शोरूम किंमत तीन लाखांच्या आसपास गेली आणि रोड टॅक्स, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरून महाराष्ट्रात ऑन रोड साडेतीन लाखांच्या पुढे जाते. त्यात लो सीट, रेडिएटर गार्ड, क्रॅश गार्ड आणि पॅनिअरचे (बाजूच्या सामानपेट्यांचे) स्टँड धरा. 411 चे कॅरिअर, स्टँड आणि टाकीजवळच्या रॅकला लावलेल्या पिशव्या 450 ला बसत नाहीत. त्या जुन्या गाडीसोबत विका, वेगळे पैसे मागा. तुमची 411 नीट करायला कोनसेट, शॉकअपचे ऑइल सील, लिंकेज, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, दोन टायर आणि ब्रेक पॅड मिळून 25 हजारांच्या आत-बाहेर खर्च येईल. म्हणजे एक लाख हातात आले तरी अडीच लाखांचा फरक. सहली एकट्याने करणारा माणूस असता तर आम्ही 25 हजार खर्च करून 411 च ठेवा म्हटले असते. तुम्ही वर्षातून दोन-तीनदा दोघे जाता, पुढे लडाख आहे आणि गाडीला एबीएस नाही. तुमच्यासाठी 450 घेणे योग्य.

बुकिंग करताना ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय घ्या. भारतात तो 2024 च्या अखेरीस आला, दहा-बारा हजार जास्त पडतात, पण मोबदला पुरेपूर मिळतो. ट्यूबच्या 21 इंची चाकाचे पंक्चर काढायचे म्हणजे चाक उतरवणे, दोन टायर लिव्हर, बदली ट्यूब आणि अर्धा-पाऊण तास. ट्यूबलेसला स्ट्रिपचा किट आणि छोटा पंप पुरतो. रिमला जोराचा मार बसून कड वाकली तर हवा हळूहळू जाते, त्यामुळे लांबच्या सहलीत पुढच्या चाकाची एक ट्यूब तरीही ठेवा. रेडिएटर गार्ड पहिल्याच दिवशी लावा. पुढच्या चाकाने उडवलेला खडा थेट जाळीत जातो, आणि रेडिएटर फुटला तर गाडी ढकलण्याशिवाय मार्ग नाही. 411 ला हे भय नव्हते. रंगासाठी जास्त पैसे देऊ नका, वरच्या रंगात यंत्र तेच आहे.

टेस्ट राइड शोरूमच्या दारातली दोन किलोमीटरची घेऊन ठरवू नका. पत्नीला सोबत न्या आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागून परत या. चढताना एका वळणावर मुद्दाम 411 सारखी वरच्या गिअरमध्ये न्या, दुसऱ्या वळणावर एक गिअर खाली. फरक पटला तर पुढे चला. पर्फॉर्मन्स मोड लावून घ्या, इकोमध्ये थ्रॉटल मंद वाटते आणि उगाच नापसंती होते. उताराच्या बाजूला थांबून पाय टेकून बघा. परतल्यावर पत्नीला गुडघे आणि सीटबद्दल विचारा, इंजिनाबद्दल नको.

घ्यायचीच तर मार्चच्या आत घ्या. 500 किलोमीटरच्या आसपास पहिली सर्व्हिस होते. तोवर एकाच वेगाने लांब पल्ला आणि फुल्ल थ्रॉटल दोन्ही टाळा, आरपीएम वर-खाली होऊ द्या. त्यानंतर पूर्ण सामान आणि डबलसीट अशी एक दोन दिवसांची कोकणफेरी करून या. चेन नव्या गाडीत लवकर ढिली होते, कूलंटची पातळी बसत जाते, पॅनिअरचे बोल्ट सैल होतात. या सगळ्या गोष्टी कोकणात लोटे गावी कळलेल्या बऱ्या, मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला नको. डिस्प्लेवर नकाशा दिसतो तो फोनमधून येतो, फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि रेंज गेली की ऑनलाइन नकाशाही जातो. त्याच रस्त्यावरच्या केलाँगच्या पुढचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. टाकी 15 ऐवजी 17 लिटरची आहे, पण चढ आणि वजनामुळे अ‍ॅव्हरेज पडते; केलाँगच्या अलीकडच्या टंडीच्या पंपावरची पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे, तिथे टाकी काठोकाठ भरा आणि पाच लिटरचा कॅन सोबत असू द्या.

दलालाला लगेच हो म्हणू नका. कोनसेट बदलून, गाडी धुऊन, सर्व्हिसच्या पावत्या लावून थेट गिऱ्हाइकाला दाखवा. नीट ठेवलेल्या 411 ला स्वतःचे चाहते आहेत, एक लाखापेक्षा थोडे वर मिळायला हरकत नाही. गाडी एप्रिल 2019 आधीची असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओत नावबदली अडते. नावबदलीच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून कोणाच्या हातात देऊ नका. घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, त्याच्या आधारची प्रत ठेवा. कर्ज फिटले असेल पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचा दाखला आधी लावा. आणि विम्यातला नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही: जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्या आणि 450 च्या पॉलिसीत वळता करून घ्या.